सुरक्षा परिषदेतील अकरा मते आणि गोवा

गोवामुक्तीचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन प्रसंग हमखास सांगितले जातात : १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर झालेला गोळीबार आणि १९ डिसेंबर १९६१ ची पोर्तुगीज शरणागती. तिसरा प्रसंग न्यूयॉर्कमध्ये घडला. तो आपण सहसा सांगत नाही, कारण तेथे मतांच्या मोजणीत आपली बाजू उणी पडली होती.

१७ डिसेंबरच्या रात्री भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली. पोर्तुगालच्या तक्रारीवरून १८ तारखेला सुरक्षा परिषद भरली. परिषदेचे सदस्य तेव्हा अकरा होते आणि भारत त्यांत नव्हता. आपले प्रतिनिधी सी. एस. झा यांना बाजू मांडता येत होती, मत देता येत नव्हते.

वादाचे मूळ एका शब्दात होते. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ ठरवले होते. गोवा प्रांत मानला तर भारताने परक्या भूमीवर आक्रमण केले होते. वसाहत मानला तर १५१० पासूनचा परकीय कब्जा उठत होता. झा यांनी दुसरी बाजू मांडली. अमेरिकेचे अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांचे म्हणणे असे, की हेतू कोणताही असो, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला बळाचा वापर मान्य नाही.

मतास दोन ठराव आले. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांच्या ठरावात पोर्तुगालची तक्रार फेटाळावी असे होते. त्याला चार मते मिळाली, विरोधात सात पडली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांच्या ठरावाने युद्धबंदी आणि भारतीय सैन्याची माघार मागितली. त्याला सात मते मिळाली, विरोधात चार. ठराव मंजूर होण्यास सातच मते लागत. परंतु विरोधी चारांत सोव्हिएत संघ होता. कायम सदस्य या नात्याने त्याने नकाराधिकार वापरला आणि ठराव पडला.

वर्षभरापूर्वी, १४ डिसेंबर १९६० रोजी, आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याची घोषणा ८९ विरुद्ध शून्य मतांनी मान्य केली होती. नऊ देश तटस्थ राहिले. अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स त्या नवांत होते. मात्र चिली आणि इक्वेडोर यांनी घोषणेला पाठिंबा दिला होता, आणि तरीही गोव्याच्या वेळी ते सातांत बसले. म्हणजे तत्त्व मान्य असणाऱ्यांनाही सैन्याचा मार्ग रुचला नव्हता. शांततेचा आग्रह जगाला सांगणाऱ्या देशाला हे ऐकावे लागले, हे आपण मोकळेपणाने कबूल करावे. त्याने आपला पक्ष खोटा ठरत नाही. चौदा वर्षे वाटाघाटींचे दार ठोठावले गेले आणि ते लिस्बनने उघडले नाही, हेही तितकेच खरे.

पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले. पण त्या अकरा मतांत गोमंतकीयाचे एकही नव्हते. त्याचे मत पेटीत पडले ते ९ डिसेंबर १९६३ रोजी, गोव्याच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत. मुक्तीचा हिशेब मांडताना तीही तारीख पुढच्या पिढीला सांगा.