सराईचे दार आणि संगणकाचे दार

अजिंठ्याच्या लेण्यांना जाणाऱ्यांच्या मोटारी फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात. पुढचा चारेक किलोमीटरांचा रस्ता ठरलेल्या बसनेच जायचे. वाटसरूला थांबवून घेण्याची या गावाची रीत जुनीच. बुऱ्हाणपुराहून औरंगाबादेस जाणाऱ्या वाटेवर, घाटाच्या पायथ्याशी, मोगल अमदानीत येथे सराई होती.

मोगलांच्या सरायांचा शिरस्ता कसा असे? शाहजहानच्या राजवटीच्या अखेरीस हिंदुस्थानात आलेल्या मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने तो नमूद करून ठेवला आहे. संध्याकाळी दरवाजे बंद होत. सकाळी ते उघडण्यापूर्वी पहारेकरी तीन वेळा ओरडून सांगे की, ज्याने त्याने आपापले सामान पाहून घ्यावे. कुणाची चीज नाहीशी झाली असली, तर ती सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. ही झाली राखण.

दुसरीही एक रीत होती. अबुल फजलच्या ‘आईन-ई-अकबरी’त कोतवालाला सांगितले आहे की, अनोळखी माणसांना वेगळ्या सराईत उतरवावे आणि हेरांकरवी त्यांचा तपास ठेवावा. ही झाली पाळत.

वाचकहो, संगणकाच्या जाळ्याच्या दारात या दोन्ही रीती एकत्र नांदतात. तेथे तीन गोष्टी पाहिल्या जातात : आलेला कोण, त्याला कुठवर मुभा, आणि त्याने केले काय. अमेरिकेतील एम. आय. टी. संस्थेत १९६१ च्या सुमारास एकच यंत्र अनेकजण वापरू लागले. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून फर्नांदो कॉर्बाटो यांनी परवलीचा शब्द आणला. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला नेमून दिलेला वेळ पुरेना. त्याने साऱ्या परवलींची यादीच यंत्राकडून छापून घेतली! दार फोडावे लागलेच नाही. पहारेकऱ्याची वहीच हाती आली.

आपल्याकडे २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेवाल्याला गिऱ्हाईकाचे ओळखपत्र पाहून नोंद करणे व ती वही किमान एक वर्ष जपणे बंधनकारक केले. लुच्च्याचा माग काढायला अशी वही हवीच. पण नको तितके दिवस पडून राहिलेली वही लुच्च्याच्याच उपयोगी पडते. म्हणून २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यातले तत्त्व मोलाचे आहे : हेतू सरला आणि दुसऱ्या कायद्याची आडकाठी नसली, की माहिती पुसून टाकावी.

सराईतला वाटसरू सकाळी सामान मोजून घेई आणि मगच वाटेला लागे. आपणही विचारावे, आपली नोंद कोणाच्या वहीत आहे आणि किती दिवस राहणार आहे? दारावर पहारा हवा. पण निघून गेलेल्या सज्जनामागे हेर कशाला?