डोंगरची माहेरवाशीण

शिलाँगच्या आमच्या बिऱ्हाडात दिवाळीच्या सुमारास प्लायोनी मॅक्युलाटा फुलते. फुलासकट वीतभरही न भरणारी, खासी टेकड्यांतली ही चिमुकली ऑर्किड. पाने गळाली की कंदाच्या बुडातून पांढरे फूल येते. त्याच्या ओठावर जांभळे ठिपके.

पहिले झाड मात्र मी मायेने मारले! मोठी कुंडी, रोज पाणी. वर थंडी बाधेल म्हणून चुलीशेजारची जागा. कंद कुजला.

पुढे वाचनात आले, की हीच माया एकेकाळी इंग्लंडनेही केली होती. १८३५ साली चॅट्सवर्थच्या बागेने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडले. खासी टेकड्यांतली ऑर्किडे घेऊन तो १८३७ साली परतला. परंतु ऑर्किड म्हणजे उष्ण प्रदेशाचे झाड, हीच तेव्हाची समजूत. कोंदट, तापल्या काचघरांत डोंगरची कितीतरी झाडे मेली. हवा खेळती ठेवण्याचा धडा चॅट्सवर्थच्याच जोसेफ पॅक्स्टनने घालून दिला. १८६४ साली जेम्स बेटमनने गारव्यात वाढणाऱ्या ऑर्किडांवर पुस्तकच लिहिले.

आता फुले ओसरली, की मी गेल्या सालचा सुरकुतलेला कंद नि वाळकी मुळे काढते. ताजा कंद उथळ कुंडीत, शेवाळ आणि सालीच्या तुकड्यांत, वरचा भाग उघडा ठेवून बसवते. नवी मुळे धरीपर्यंत पाणी बेताचेच, आणि जागा गार खिडकीतली.

माया करावी, पण माहेर कुठले, हे आधी विचारून!