वाहनाची संपूर्ण हानी व भरपाईचा वाद

विमा उतरविलेले वाहन अपघातात दुरुस्तीपलीकडे गेल्यास, किंवा दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या मूल्याच्या मानाने अवाजवी ठरल्यास, त्यास विमाव्यवहारात ‘संपूर्ण हानी’ म्हणतात. अशा वेळी कंपनीने देऊ केलेली रक्कम विमेदारास अमान्य झाल्यास उद्‌भवणाऱ्या वादाचा भारतातील इतिहास हा मुख्यतः ‘मूल्य कोणी व केव्हा ठरवावयाचे’ या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

ही कल्पना मूळची सागरी विम्यातील. जहाज प्रत्यक्ष बुडाले नसले, तरी ते वाचविण्याचा व दुरुस्त करण्याचा खर्च त्याच्या मूल्याहून अधिक होणार असेल, तर मालकाने ते विमाकर्त्याच्या स्वाधीन करून संपूर्ण हानीची भरपाई मागावी, हा संकेत ब्रिटनच्या १९०६ च्या व भारताच्या १९६३ च्या सागरी विमा अधिनियमांत ग्रथित झाला. मोटार विम्याने तो उचलला. मात्र जहाजाचे मूल्य विमापत्रात बहुधा आधीच ठरलेले असे, मोटारीचे तसे नसे.

मोटार वाहन अधिनियम, १९३९ अन्वये तृतीय पक्षाच्या हानीचा विमा सक्तीचा झाला. स्वतःच्या वाहनाचा विमा ऐच्छिकच राहिला. त्या विमापत्रात मालक वाहनाचे अंदाजी मूल्य नमूद करी व त्यानुसार हप्ता भरी. भरपाई मात्र हानीच्या वेळच्या बाजारभावाने मिळे. अंदाजी मूल्य ही केवळ तिची कमाल मर्यादा होती. मूल्य अधिक लिहिले तर हप्ता वाया जाई, कमी लिहिले तर भरपाई घटे. बाजारभाव सांगणारा सर्वेक्षक कंपनीनेच नेमलेला असे. १९६८ च्या दुरुस्तीने विमा अधिनियमात ६४ यूएम हे कलम येऊन सर्वेक्षकास परवाना आवश्यक झाला. तथापि त्याचा मेहनताना कंपनीच देत राहिली. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. दर व शर्ती सर्वत्र एकच असल्याने नाराज विमेदारास लवाद किंवा दिवाणी न्यायालय एवढेच मार्ग उरत. ज्याची टॅक्सी वा मालमोटार हेच उपजीविकेचे साधन, आणि जिच्यावरील कर्ज अजून फिटावयाचे, त्याला वर्षानुवर्षे थांबणे परवडत नसे. पुष्कळांनी मिळेल ती रक्कम पत्करली, ती पटली म्हणून नव्हे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ मुळे विमा ही ‘सेवा’ ठरून जिल्हा मंचाकडे अल्प खर्चात तक्रार करता येऊ लागली. मूळ प्रश्नास हात घातला तो १ जुलै २००२ पासून अंमलात आलेल्या मोटार दरपत्रकाने. उत्पादकाच्या विक्रीमूल्यातून वयानुसार घट वजा करून (सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के, पाचव्या वर्षी ५० टक्के) विमेदाराचे घोषित मूल्य, म्हणजे व्यवहारातील ‘आयडीव्ही’, प्रारंभीच निश्चित होऊ लागले. दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास संपूर्ण हानी समजावी व त्या विमावर्षात पुन्हा घट धरू नये, असे ठरले. २००७ मध्ये दरांवरील नियंत्रण उठले, तरी ही पद्धत टिकली.

जुन्या पद्धतीवर न्यायालयाचे ताशेरे मात्र नंतर आले. फेब्रुवारी २००२ मध्ये सु. साडेतीन लाख रु. मूल्य मान्य करून एका वाहनाचा हप्ता घेण्यात आला होता. सात महिन्यांनी ते मोडले, तेव्हा सर्वेक्षकाने मूल्य १·८० लाख रु. ठरविले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य करून, हप्ता घेताना मान्य केलेला आकडा देण्याच्या वेळी नाकारण्याच्या वृत्तीवर कठोर टीका केली. सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, असेही त्याच न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले.

घोषित मूल्याने वाद संपला नाही, तो सरकला. दुरुस्तीखर्चाचा अंदाज ७५ टक्क्यांच्या आत बसविणे, किंवा मोडीची किंमत फुगवून ती वजा करणे व मोड मालकाच्या गळ्यात मारणे, हे आजचे वादविषय होत. मोडीला खरोखर कोण किती देतो, हे लेखी मागण्याइतका प्रभावी प्रतिवाद दुसरा नाही. पूर्ण व अंतिम भरपाई मिळाल्याच्या पावतीवर सही केल्याने हक्क सरसकट बुडत नाही. फसवणूक वा दडपण सिद्ध झाल्यास वाढीव रक्कम मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केले.

१९९८ च्या नियमांनी विमा लोकपालाचे पद निर्माण झाले. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभरात समाधान न झाल्यास त्याच्याकडे विनाशुल्क दाद मागता येते, आणि तेथे वकील लागत नाही. त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. २०२३ पासून त्याच्या निवाड्याची मर्यादा ५० लाख रु. आहे.