खडीच्या ढिगापासून पाणलोटापर्यंत

नगर, बीड, सोलापूर या भागांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात काळाची गणना करण्याची एक खूण हमखास येते. ही विहीर बहात्तरच्या आधीची, ते बैल बहात्तरला विकले, थोरला मुलगा बहात्तरला मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. एका वर्षाचा आकडा असा घराघरांतील स्मृतीचा मैलाचा दगड होऊन बसतो, तेव्हा त्या वर्षाने केवळ पीक नेलेले नसते. माणसांचे आयुष्यच वेगळ्या वाटेला लावलेले असते.

भूकंप किंवा महापूर क्षणात येतो आणि घरे पाडून जातो. दुष्काळाचे तसे नाही. तो हळूहळू येतो आणि सर्वांत आधी मोडतो तो रोजगार. पेरणी झाली नाही की शेतमजुराचे हात रिकामे होतात. वैरण संपली की शेतकरी मिळेल त्या किमतीला बैल विकतो. औताला काम उरले नाही की सुताराचा आणि लोहाराचा भाता थंड पडतो. आठवडे बाजारात माल असतो, पण गिऱ्हाईक नसते आणि वाण्याची उधारी वसूल होत नाही. पुढच्या वर्षी पाऊस आला तरी हे चक्र आपोआप फिरू लागत नाही. कारण पाऊस येतो तेव्हा दावणीला बैल नसतात, कणगीत बियाणे नसते आणि सावकाराचा कागद मात्र असतो. म्हणून दुष्काळानंतर विभाग पुन्हा उभा कसा राहतो, हा प्रश्न मुळात पावसाचा नसून कामाचा आहे. या प्रश्नाला महाराष्ट्राने शंभर वर्षांत जी उत्तरे शोधली, त्यांचा हा थोडक्यात मागोवा.

१८७६ ते १८७८ या वर्षांतील दुष्काळात दख्खनमध्ये लोक रस्त्यांच्या आणि तलावांच्या सरकारी कामांवर लोटले. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, त्याच्या मातीकामात याच दुष्काळी मजुरांचा घाम मिसळलेला आहे. परंतु सरकारची दृष्टी काटकसरीची होती. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी मजुरी कमी करण्याचा आग्रह धरला. प्रौढ माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडी चिल्लर! त्यात भर म्हणून मजुरांनी गावाजवळची कामे सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जावे, असाही हुकूम निघाला. तेव्हा हजारो उपाशी माणसांनी कामे सोडून दिली. पोटात अन्न नसताना केलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून या मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. आपत्तीच्या काळात प्रजेला काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, एवढे तत्त्व कागदावर मान्य झाले. मात्र ते सरकारचे कर्तव्य होते, प्रजेचा हक्क नव्हता. काम कधी उघडायचे आणि कधी बंद करायचे, हे कलेक्टरने ठरवायचे होते.

जवळजवळ शंभर वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा आला. १९७० आणि १९७१ ही वर्षे अपुऱ्या पावसाची गेली आणि १९७२ च्या पावसाळ्याने तर पाठच फिरवली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. राज्यभर दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली होती. त्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. डोक्यावर पाटी, काखेत मूल आणि पदराला बांधलेला हजेरीचा कागद, हे त्या उन्हाळ्याचे चित्र आजही अनेकांच्या डोळ्यांपुढे आहे. रेशनवर मिळणारा लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून गेलेली नाही. मजुरी अपुरी होती आणि ती वेळेवर मिळत नव्हती, म्हणून मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांनी मोठा संपही केला. १८७७ प्रमाणेच याही वेळी लोकांनी सांगितले की आम्ही याचक नाही, कामगार आहोत.

या कामांनी माणसे जगवली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. एवढे मोठे संकट येऊनही १८७७ सारखे मृत्यूचे थैमान महाराष्ट्राने पाहिले नाही. रोख मजुरी हातात आल्यामुळे आठवडे बाजारही पुरता मोडला नाही. परंतु एक उणीव राहिली. हजारो हात खडी फोडत होते आणि रस्त्यांच्या कडेला खडीचे ढीग वाढत होते. पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीची कामे झाली, नाही असे नाही. पण खडी फोडून घरी परतणाऱ्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात मात्र काहीच बदललेले नव्हते. दुष्काळ संपला तेव्हा तो जिवंत होता, पण पुढच्या दुष्काळासाठी तितकाच उघडा होता.

यानंतर तीन वेगवेगळ्या वाटांनी विचार पुढे गेला. पहिली वाट कायद्याची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्येच सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात काम मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला होता. दुष्काळाने त्या कल्पनेला बळ दिले आणि रोजगार हमी योजना आकाराला आली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातील पगारदारांनी खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलावा, हा त्यामागील भाव होता. योजनेचा कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, ते न मिळाल्यास बेकारी भत्ता. कलेक्टरच्या मर्जीचे कर्तव्य अशा रीतीने मजुराचा हक्क झाले. पुढे २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ या मातीत आहे.

दुसरी वाट पाण्याच्या वाटपाची. पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले आणि खडी फोडणाऱ्या शेतकऱ्यांना पाहून अस्वस्थ झाले. १९७४ मध्ये त्यांनी नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन कसायला घेतली आणि पडलेला पाऊस त्याच रानात अडवून दाखवला. त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या प्रमाणात. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे तिचे नियम होते. पाझर तलाव खोदणारी भूमिहीन बाई मजुरी घेऊन जाते आणि तलावाचे पाणी मात्र खालच्या बागायतदाराच्या विहिरीत उतरते, या जुन्या अन्यायाला ते उत्तर होते.

तिसरी वाट आपल्या समाजाला जवळची आहे. १९४८ मध्ये भारतात आलेले स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाकर यांनी अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांबरोबर आयुष्य वेचले. पाणी मुरवल्याशिवाय विहिरी कितीही खोल नेल्या तरी व्यर्थ, हा त्या भागाचा कटू अनुभव होता. म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत संपूर्ण पाणलोट क्षेत्र हाती घ्यावे आणि ते गावानेच घ्यावे, हा मार्ग त्यांनी धरला. त्यांच्या प्रेरणेने १९८९ मध्ये भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची आखणी झाली, आणि १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. अटी कडक होत्या. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान आणि गावाची स्वतःची पाणलोट समिती. मदत धर्म पाहून नव्हे, तर शिवार पाहून दिली गेली.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे उदाहरण बोलके आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या या गावात पूर्वी वर्षातून तीन-चार महिनेच शेतीचे काम मिळे. १९९६ पासून पाच वर्षे पाणलोटाचे काम चालले. त्यानंतर ते नऊ-दहा महिने मिळू लागले. कामाच्या शोधात गाव सोडण्याची गरज कमी झाली. आधी बांध घालण्याची मजुरी मिळाली आणि नंतर त्याच बांधांमुळे शेतात कायमचे काम निर्माण झाले. खडीच्या ढिगाला जे साधले नव्हते ते हेच.

तरी हे यशही निष्कलंक नव्हते. चराईबंदीचा पहिला फटका शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना बसला. ज्यांना जमीन नव्हती त्यांनी आपली जित्राबे विकली, आणि वाढलेल्या पाण्याचा मोठा लाभ मात्र जमीनवाल्यांना झाला. सर्वांच्या भल्यासाठी केलेल्या त्यागाचे ओझे सर्वांत गरिबाच्या खांद्यावर पडते, ही गोष्ट विसरून पुनर्वसनाचा इतिहास लिहिता येणार नाही.

फादर बाकर यांचे २०२१ मध्ये निधन झाले. साळुंखे त्याआधीच, २००२ मध्ये गेले होते. त्यांच्या मागे राहिलेला धडा साधा आहे. आपत्तीत सापडलेल्या माणसाला अन्न द्यावे, हे माणुसकीचे पहिले पाऊल. त्याला काम द्यावे, हे न्यायाचे दुसरे. परंतु त्या कामातून त्याची स्वतःची जमीन, त्याचे औत, त्याचा धंदा पुन्हा उभा राहावा आणि ज्याच्याजवळ जमीनच नाही त्यालाही त्या पाण्यात वाटा मिळावा, तेव्हाच विभाग सावरला असे म्हणता येते. आपल्या धर्मग्रामांतून एखाद्या आपत्तीसाठी मदतफेरी निघते, तेव्हा आपण सढळ हाताने देतो. त्याबरोबर एवढे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, की या मदतीने ते हात पुढच्या वर्षी कोणत्या कामाला लागतील?