उणे एकची गोष्ट

लिनक्सवर पासवर्डचे नियम कडक करायचे म्हटलं की ॲडमिन पीडब्ल्यूक्वालिटीची कॉन्फिग फाइल उघडतो. मिनलेन म्हणजे किमान लांबी. डीक्रेडिटपुढे उणे एक लिहिलं की निदान एक अंक हवाच. या ओळींचं मूळ बेल लॅब्जमध्ये आहे.

युनिक्स वापरणाऱ्यांनी मनाने ठेवलेले ३,२८९ पासवर्ड तिथल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी तपासले आणि १९७९ साली निष्कर्ष छापला. १५ पासवर्ड एकाच अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे. शब्दकोशातले शब्द, नावं असं सगळं धरून ८६ टक्के पासवर्ड सहज हाती लागण्याजोगे निघाले. खुद्द थॉम्पसनचा त्या काळातला पासवर्ड मात्र २०१९पर्यंत टिकला. बुद्धिबळात वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवण्याची चाल, जुन्या लेखनपद्धतीत, शेवटी उद्गारचिन्ह. सगळी मिळून आठ चिन्हं!

१९८८च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर जो वर्म पसरला, तो याच मॉरिसच्या मुलाने लिहिलेला. त्याच्या पोटात ४३२ शब्दांची यादी होती. इतर वाटांबरोबरच त्या शब्दांनी तो खात्यांची दारं ठोठावत असे. पुढे १९९१च्या सुमारास ॲलेक मफेटने पासवर्ड फोडणारा क्रॅक हा प्रोग्राम बाहेर काढला, आणि त्याच डोक्यातून क्रॅकलिब आली. चोर जे शब्द लावून बघणार, ते पासवर्ड ठेवतानाच नाकारायचे. मला या साऱ्या कुळातली सगळ्यात शहाणी कल्पना हीच वाटते.

लॉगिनची पडताळणी सुट्या मॉड्यूलांनी करणारी, सन कंपनीत जन्मलेली पॅमची रचना लिनक्सने उचलली, तेव्हा ही तपासणी वेगळं मॉड्यूल म्हणून जोडता आली. पण त्या जुन्या मॉड्यूलमध्ये क्रेडिट म्हणजे खरोखरच सूट होती. अंक घातला की लांबीत एक गुण जास्त, मोठं अक्षर घातलं की आणखी एक. अंक, मोठं अक्षर, लहान अक्षर, चिन्ह असे चारही प्रकार वापरले की मिनलेन बारा असूनही आठ चिन्हांवर काम भागायचं. आकडा उणे केला की सूट जाते आणि सक्ती येते. रेड हॅटकडून आलेल्या पीडब्ल्यूक्वालिटीने हीच भाषा पुढे चालवली.

अंक, मोठं अक्षर, चिन्ह यांचा आग्रह अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या २००४च्या मार्गदर्शिकेने जगभर पक्का केला. २०१७मध्ये निस्टनेच तो सोडला. लांबी वाढवा, फुटलेल्या आणि सहज सुचणाऱ्या पासवर्डांची यादी लावून बघा, ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, असं आता ती सांगते. म्हणून मी मिनलेन वाढवण्यावर आणि डिक्टचेक, म्हणजे शब्दकोशाशी ताडून बघणं, चालू ठेवण्यावर भर देईन. उणे एकच्या ओळी त्यानंतर. आणि 'एन्फोर्स फॉर रूट' ही ओळ आवर्जून चालू करावी. ती बंद असली तर कच्चा पासवर्ड ठेवणाऱ्या रूटला नुसता इशारा मिळतो, पासवर्ड स्वीकारला जातोच.