भाड्याचा मजला असलेलं घर घेताना: आधी नकाशा पाहा, मग भाडं मोजा

खाली आपण राहायचं आणि वरचा मजला भाड्याने द्यायचा, या हिशेबाने घर घेणारी कुटुंबं आपल्यात पूर्वीपासून आहेत. भिवंडी, मुंब्रा, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही मोहल्ल्यात चला, गल्लीच्या तोंडाशीच असं घर दिसेल. आखातातून कायमचा परत आलेला माणूस, पेन्शन नसलेले आईवडील, लहान मुलं पदरात असलेली विधवा बहीण, यांना महिन्याला येणारं भाडं म्हणजे मोठा आधार. दलालालाही हे ठाऊक असतं. म्हणून तो घर दाखवताना भिंतींपेक्षा भाड्याबद्दलच जास्त बोलतो. "वरून आठ हजार येतात, घरबसल्या." आणि या आठ हजारांची किंमत तो घराच्या भावात आधीच लावून मोकळा झालेला असतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे की जो मजला कागदावर नाही, त्याच्या भाड्याला एक पैसाही मोजू नये. घर घ्यायचंच असेल तर तो मजला नाहीच असं धरून भाव करावा. हे कठोर वाटेल, पण आयुष्यभराची कमाई एकाच सौद्यात जाते तेव्हा असाच हिशेब करावा लागतो.

कागदावर म्हणजे कुठल्या कागदावर?

विक्रेता सहसा घरपट्टीची पावती आणि लाईट बिल पुढे करतो. "बघा, दोन्ही मजल्यांची पट्टी भरतोय, मग बेकायदा कसं?" इथेच बहुतेक लोक फसतात. महापालिका बेकायदा बांधकामावरही कर लावते. उलट महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अशा बांधकामावर शास्ती लावण्याची तरतूद आहे, आणि कर किंवा शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. उलट पावतीवर शास्तीची रक्कम दिसली तर पालिकेच्या दप्तरी ते बांधकाम अनधिकृत आहे, याचाच तो पुरावा समजा. विजेच्या मीटरचंही तसंच. मीटर आहे म्हणजे वीज आहे, परवानगी आहे असं नव्हे. गावाकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा किंवा बांधकाम परवानगीचा नाही.

खरे कागद दोन. पहिला, नगररचना विभागाने शिक्का मारलेला मंजूर नकाशा आणि त्यासोबतचं बांधकाम परवानगीचं पत्र. दुसरा, काम पूर्ण झाल्यावर मिळालेलं भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. पालिकेच्या नगररचना विभागातून प्रमाणित प्रत काढा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करता येतो. अर्जावर निर्णय द्यायची मुदत तीस दिवसांची आहे. तीस दिवस थांबायला तयार नसलेला विक्रेता का थांबत नाही, याचाही विचार करावा.

नकाशा हातात आला की तो घेऊन त्या घरात उभं राहा. मजले मोजा. जिना नकाशात जिथे आहे तिथेच आहे का? वरच्या मजल्यावर वेगळं स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम दाखवलंय, की नकाशात ती नुसती गच्ची आहे? मागची मोकळी जागा पत्रे टाकून बंद केलीय का? ज्या खोलीत भाडेकरू राहतो ती नकाशात "पार्किंग" म्हणून लिहिलेली असते, हेही सर्रास आढळतं. फ्लॅटच्या बाबतीत एकाच फ्लॅटला दुसरा दरवाजा पाडून त्याचे दोन वन आरके केलेले असतात. सोसायटीच्या अध्यक्षांनी तोंडी "चालेल" म्हटलं असलं तरी पालिकेच्या परवानगीशिवाय ते चालत नाही.

ओळखीतला एखादा परवानाधारक इंजिनिअर सोबत न्या. पाया एक मजल्याचा आणि वर चढवले तीन, हे डोळ्यांना दिसत नाही, पण कॉलमची जाडी आणि भेगा पाहून त्याला अंदाज येतो. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

हे सगळं कशासाठी, ते मुंब्रा-शिळच्या लोकांना सांगायची गरज नाही. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. बांधकाम बेकायदा होतं. वर काम चालू असतानाच खाली लोक राहायला आले होते. आणि जीव वाचला तरी छप्पर वाचेलच असं नाही. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींवर हातोडा चालवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तिथल्या घर घेणाऱ्यांकडे नोंदणीकृत खरेदीखतं होती. म्हणजे महारेराचा नंबर दिसला तरी मूळ परवानगी पालिकेकडून तपासलीच पाहिजे. त्यानंतर महिनाभरात, १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात देशभरासाठी सूचना दिल्या. भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला पाहूनच वीज-पाण्याची जोडणी द्यावी आणि बँकांनीही तो तपासूनच कर्ज द्यावं, असं त्यात म्हटलंय. त्यामुळे आज अशी जागा तुम्ही घेतली तरी उद्या ती विकताना पुढचा गिऱ्हाईक मिळणं आणखी अवघड होणार.

गुंठेवारीतल्या घरांची गोष्ट थोडी वेगळी. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ दिला गेला. पण "नियमित होणार आहे" आणि "नियमित झालं" यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अर्ज केल्याची पोच नको, नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा, आणि त्यात किती मजले धरलेत ते वाचा.

वर बसलेला भाडेकरू घरासोबत येतो

मालक बदलला म्हणून भाडेकरू जात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहतो, हक्कांसह आणि जबाबदाऱ्यांसह. म्हणून वर कोण राहतं, किती वर्षांपासून आणि कुठल्या कागदावर, हे बयाणा देण्याआधी विचारायचं. विक्रेत्यालाच नाही, त्या भाडेकरूलाही. दार वाजवून सलाम करून दोन मिनिटं बोललं तरी पुष्कळ कळतं.

तो जुना पागडीवाला असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्याला मोठं संरक्षण देतो. भाडं वर्षाला ४ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. तो वारला तरी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जातं. स्वतःच्या गरजेसाठी जागा मागता येते, पण ते कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. अशा मजल्याचं भाडं नाममात्र असतं. त्याचा भाव रिकाम्या मजल्याइतका लावणं म्हणजे स्वतःला फसवणं.

मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात आणखी एक प्रकार आहे, हेवी डिपॉझिट. भाडेकरूने पाच-सात लाख एकरकमी द्यायचे, भाडं द्यायचं नाही किंवा नावापुरतं द्यायचं, आणि निघताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. विक्रेता म्हणतो, "भाडेकरू आहे, दोन वर्षं काळजी नाही." त्याने ते पाच लाख कधीच खर्च केलेले असतात. घर घेतल्यावर परत मागायला तो भाडेकरू तुमच्या दारात येणार. म्हणून डिपॉझिटची रक्कम खरेदीच्या किमतीतून वजा करा आणि तसं खरेदीखतात लिहून घ्या, भाडेकरूचीही सही घ्या. या प्रकाराला दीनी बाजूही आहे. मालक पैसा वापरतो, भाडेकरू घर वापरतो, आणि मुद्दल जसंच्या तसं परत. कर्जावर घेतलेला फायदा म्हणून अनेक उलेमा याला सूदच मानतात. "भाडं नाही म्हणजे सूद नाही" असा समज करून बसलेल्यांनी आपल्या मुफ्ती साहेबांना एकदा विचारावं.

सर्वात बरा तो लिव्ह अँड लायसन्सवाला, पण करार नोंदवलेला असेल तरच. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हे वाक्य आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की शिकलेले लोकही ते बोलतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग मुदत कितीही असो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

खर्चही फार नाही. महिना आठ हजार भाडं, पन्नास हजार अनामत आणि अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्याने अडीचशे रुपयांच्या आत बसतं. शहरात नोंदणी फी एक हजार. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या नोंदणी होते. एवढ्या खर्चात कलम २४ चं संरक्षण मिळतं. मुदत संपूनही भाडेकरू उठला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची, हे वेगळं सांगायला नको. बऱ्याच शहरांत पोलिसांचे तसे आदेश असतात आणि न कळवल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो.

एक गोष्ट जाता जाता. धर्म पाहून घर नाकारलं जातं, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांनी घेतलाय. तीच माणसं आपल्या मोहल्ल्यात खोली शोधत येतात. त्यांच्याकडून कराराशिवाय भाडं घ्यायचं, पावती द्यायची नाही आणि दर सहा महिन्यांनी वाढ मागायची, हे आपल्याला शोभत नाही.

विकणारा खरंच मालक आहे का?

आपल्याकडची बरीच जुनी घरं आजही वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतात आणि सौदा करायला मोठा भाऊ येतो. शरीयतच्या वारसा नियमात माणूस वारला की त्याच क्षणी वारसांचे हिस्से उभे राहतात. मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, मुलाला मुलीच्या दुप्पट. मोठा भाऊ फक्त आपला हिस्सा विकू शकतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणींनी हिस्सा सोडला, असं तोंडी सांगतात. नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिसल्याशिवाय ते मानू नका. खरेदीखतावर प्रत्येक वारसाची सही हवी, परदेशात असलेल्यांची नोंदणीकृत मुखत्यारपत्राने. बहिणीचा हिस्सा दाबून विकलेल्या घरात राहायला जायचं का, हा प्रश्न फक्त कायद्याचा नाही.

शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून किंवा नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीवर घर विकलं जातं. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, सूची क्रमांक दोन आणि प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा पाहा. मशीद, दर्गा, कब्रस्तानाच्या आसपासची जागा असेल तर वक्फच्या नोंदीतही तपासा. वक्फची जमीन विकत घेता येत नाही, वर कितीही पक्कं घर उभं असलं तरी.

पैशाचं

बँकेच्या व्याजाचा प्रश्न टाळता येत नाही. व्याजमुक्त बँकिंगच्या प्रस्तावावर पुढे जाणार नसल्याचं रिझर्व्ह बँकेकडून २०१७ मध्ये सांगण्यात आलं, त्यामुळे इथे इस्लामी बँकेतून घर घेण्याचा मार्ग नाही. लोक आखातातली बचत, दागिने, गावची जमीन विकून पैसा उभा करतात किंवा विक्रेत्याशी ठरलेल्या किमतीवर हप्ते बांधतात. हप्ते बांधले तर किंमत, तारखा आणि उशीर झाल्यास काय, हे लेखी हवं. घर फक्त महिलेच्या नावावर होत असेल तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. साठ लाखांच्या घरावर साठ हजार वाचतात.

भाड्याचा हिशेब वर्षाचा करा, महिन्याचा नको. आठ हजाराप्रमाणे शहाण्णव हजार. त्यातून रिकामा गेलेला एक महिना, घरपट्टी, पाण्याची टाकी, गच्चीची गळती आणि रंग वजा जाता हातात पाऊण लाखाच्या आसपास उरले तरी चांगलं समजा. प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा जाऊन उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यासाठी बिलं जपायची गरज नाही. वरच्या मजल्याला वेगळा वीज मीटर घ्या. सबमीटरवरून दर महिन्याला होणारी कुरबूर आपोआप संपते.

जकातीबद्दल विचारणा होते म्हणून. राहण्यासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून खर्च भागून जे साठेल ते तुमच्या बाकीच्या बचतीत मिळवायचं, आणि एकूण निसाबपर्यंत जाऊन वर्ष पूर्ण झालं की त्यावर अडीच टक्के. नफ्याने विकायच्या इराद्यानेच घर घेतलं असेल तर मात्र ते व्यापाराचा माल ठरतं आणि दरवर्षी चालू बाजारभावावर जकात काढावी लागते.