‘आलबेल’ म्हणणारा कुठे उभा आहे? : संकेतस्थळांवरील पहाऱ्याचा इतिहास

१/१३
२८ फेब्रुवारी २०१७. ॲमेझॉनची ‘एस-थ्री’ ही साठवणसेवा उत्तर व्हर्जिनियात कोलमडली. तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे ठप्प झाली. ॲमेझॉनच्या स्वतःच्या स्थितिफलकावर मात्र हिरव्या खुणा तशाच होत्या. हे कसे घडले? त्यासाठी आधी १९८३ मध्ये जाऊ.

२/१३
त्या वर्षीच्या डिसेंबरात मेरीलँडमधील अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस यांना संगणकजाळ्याचे वर्तन विचित्र वाटले. त्यांनी घाईघाईने एक छोटा प्रोग्राम लिहिला. काम एकच : दूरच्या यंत्राला हाक द्यायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचे.

३/१३
सोनार पाण्यात ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते. त्या आवाजावरून म्यूस यांनी नाव ठेवले ‘पिंग’. गंमत अशी की, प्रोग्राम तयार होईपर्यंत मूळ बिघाड दुरुस्त झालेला होता. हत्यार मात्र टिकले. आजही जाळ्यात काही बिनसले की पहिला हात त्याच्याकडेच जातो.

४/१३
पुढे वेब आले आणि पिंगची मर्यादा उघडी पडली. यंत्र हाकेला ओ देते, पण आतला डेटाबेस बंद असतो किंवा सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. म्हणून पहारेकऱ्याने वाचकासारखे थेट पानच मागावे, ही रीत रुळली. उत्तरात २०० हा संकेतांक आला तर ठीक. ५०० किंवा ५०३ आला तर बिघाड.

५/१३
१९९९ मध्ये इथन गॅलस्टॅड यांनी ‘नेटसेंट’ प्रसिद्ध केले : कोणीही फुकट घ्यावे आणि आपल्याच सर्व्हरवर चालवावे, असा पहारेकरी. नावाच्या हक्कावरून अडचण आली, तेव्हा २००२ मध्ये त्याचे ‘नागिओस’ झाले. या नव्या नावाची मिश्कील फोड अशी : नागिओस आता संतपदाचा हट्ट धरणार नाही!

६/१३
नागिओसने एक जुने शहाणपण यंत्राला शिकवले. ‘लांडगा आला रे आला’ असे वारंवार ओरडणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून पहिली तपासणी फसली तर ती ‘कच्ची’ मानायची, पुन्हा काही वेळा तपासायचे आणि बिघाड ‘पक्का’ ठरल्यावरच मालकाला उठवायचे.

७/१३
हा पहारा किती काटेकोर हवा? वर्षभरात ९९.९ टक्के वेळ सुरू असलेले संकेतस्थळही सुमारे पावणेनऊ तास बंद असते. ९९.९९ टक्क्यांना हीच मुभा सुमारे ५३ मिनिटांवर येते. आणि दर पाच मिनिटांनी डोकावणाऱ्याला मधल्या दोन मिनिटांची पडझड दिसेलच असे नाही.

८/१३
पहारा भाड्यानेही मिळतो. तरीही अनेकांना तो स्वतःचाच हवा असतो : नोंदी आपल्याकडे राहतात, मासिक शुल्क नाही, घरच्या जाळ्यातील यंत्रेही तपासता येतात. २०२१ मध्ये लुई लॅम यांचे ‘अपटाइम कुमा’ आले आणि हौशी संकेतस्थळ-मालकालाही हे काम सहज जमू लागले.

९/१३
आता पुन्हा २०१७. एका कर्मचाऱ्याला एस-थ्रीचे मोजकेच सर्व्हर काढायचे होते. आज्ञेत एक चूक झाली आणि त्याहून कितीतरी अधिक सर्व्हर निघाले. ही बातमी ज्या फलकावर द्यायची, तो फलक अद्ययावत करण्याची व्यवस्थाही एस-थ्रीवरच अवलंबून होती. दिव्याखाली अंधार, तो असा.

१०/१३
सुमारे दोन तास त्या फलकावर सेवांची खरी स्थिती दाखवता आली नाही. कंपनीला ट्विटरचा आधार घ्यावा लागला. पहारेकरी झोपलेला नव्हता. जे घर तो राखत होता, त्याच्याच ढिगाऱ्याखाली तो सापडला होता.

११/१३
४ ऑक्टोबर २०२१ रोजी हाच धडा फेसबुकला मिळाला. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. बिघाड शोधण्याची साधनेही त्याच जाळ्यावर होती. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले.

१२/१३
म्हणून स्वतःचा पहारा बसवणाऱ्याने पहिला नियम पाळावा : पहारेकरी वेगळ्या यंत्रावर, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या छताखाली असावा. आणि पहारेकऱ्यावर पहारा? त्याने दर काही मिनिटांनी बाहेरच्या कोणाला तरी ‘मी आहे’ असे कळवावे. ती हाक थांबली, की तिचे थांबणे हाच इशारा.

१३/१३
‘आलबेल’ हा आपला शब्द पहारेकऱ्यांच्या ‘ऑल वेल’ या इंग्रजी पुकाऱ्यातून आला, असे म्हणतात. त्या पुकाऱ्याला मोल होते, कारण तो ठराविक वेळी ऐकू आला नाही तर लोक जागे होत. आपल्या फलकावरची हिरवी खूण पाहून निश्चिंत होण्याआधी एवढेच विचारावे : घर कोसळले, तर ही खूण बदलायला कोणी उरेल का?